नववीतल्या पोट्ट्यांचे सिनेमे नववीलाच दाखवा

वयात येणाऱ्या पोरापोरींवर जगात सगळीकडे उत्तम सिनेमे निघाले आहेत, आणि त्या वयाची पोरं सोडून बाकी सगळे ते पाहतात. महोत्सवात लागले तर पास काढायला वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. गोव्याच्या इफ्फी महोत्सवाचा नियमच तसा आहे. फिल्म सोसायटीच्या खेळाला पुढच्या रांगांत निवृत्त प्राध्यापक आणि मागे मास कॉमची मुलं. ओटीटीवर आला तर घरच्या टीव्हीवर लावायची पोरांची छाती होत नाही, कारण आई मध्येच येऊन विचारणार, 'हे काय पाहून राहिला रे?' आणि शाळेत सिनेमा म्हणजे १५ ऑगस्टच्या आसपास दाखवलेला एखादा देशभक्तिपर किंवा खेळाडूच्या चरित्रावरचा. तोही शेवटच्या दोन तासांना, अर्धवट.

नागपुरातल्या शाळांनी आणि ज्युनिअर कॉलेजांनी नववीला आणि अकरावीला दर वर्षी असे तीन सिनेमे, शाळेच्या वेळात, वेळापत्रकात जागा करून दाखवावेत, असं माझं म्हणणं आहे. दहावी-बारावीची गोष्टच काढत नाही. तिथे बोर्डापुढे कोणाचं काही चालत नाही. मनोरंजन, बक्षीस किंवा मूल्यशिक्षणाचा तास म्हणूनही ते दाखवू नयेत. कविता शिकवतो तितक्याच गांभीर्याने दाखवावेत, आणि कवितेचं जे केलं ते त्यांचं करू नये.

शाळा या सिनेमांना का बिचकतात, हे आधी बघू. शिव्या आणि चुंबन ही सांगायची कारणं झाली. खरी अडचण अशी की या सिनेमांत मोठी माणसं चुकतात आणि शेवटी त्यांना कोणी सावरून घेत नाही. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज' १९५९चा. त्यातला अंतोआन शाळा बुडवतो आणि मास्तरांनी कारण विचारल्यावर 'आई वारली' असं सांगून मोकळा होतो. थाप पकडली जाते. पुढे तो टाइपरायटर चोरतो आणि सापडतो तो चोरताना नाही, परत ठेवायला जाताना. सुधारगृहात मानसशास्त्रज्ञ बाई त्याला प्रश्न विचारतात. त्या प्रसंगात कॅमेरा फक्त पोरावर आहे, बाई दिसतच नाहीत, नुसता त्यांचा आवाज. तो टेबलाशी चाळा करत, मध्येच हसत, आईबद्दल, आजीबद्दल, पैशांबद्दल सरळ सांगत जातो. त्याला कोणी रागावत नाही, समजावतही नाही. आपल्या वर्गात असा प्रसंग लावला की पहिल्याच मिनिटाला शिक्षकांना पॉज दाबून 'बघा, खोटं बोलल्याचे परिणाम' म्हणावंसं वाटतं. तो हात जेवढा वेळ आवरता येईल तेवढा हा उपक्रम यशस्वी.

नागपुरासाठी अकरावीचा पहिला सिनेमा निवडायचा तर मी दक्षिण कोरियाचा 'हाउस ऑफ हमिंगबर्ड' निवडेन. किम बोरा यांचा, २०१८चा. काळ १९९४चा, जागा सोल, नायिका उन-ही, वय १४. तिच्या शाळेतले गुरुजी अख्ख्या वर्गाकडून घोषणा म्हणवून घेतात: कराओकेला नाही, सोल राष्ट्रीय विद्यापीठात जाणार! पोरी मुठी उंचावून ओरडतात. धरमपेठेपासून नंदनवनापर्यंत ज्या शहरात चौकाचौकांत रँकवाल्या पोरांचे फ्लेक्स लागतात, त्या शहराला हा प्रसंग परका वाटायचं काही कारण नाही. घरात भाऊ तिला मारतो आणि आईबाप ते भांडण समजून सोडून देतात. तिच्याशी नीट बोलणारी एकच मोठी व्यक्ती भेटते, ती एका खासगी क्लासमधली चिनी भाषेची शिक्षिका. ती फळ्यावर एक वाक्य लिहून विचारते की ओळखीची माणसं तर पुष्कळ, पण त्यांतल्या किती जणांचं मन तुम्हाला ठाऊक आहे? आणि कोणी मारलं तर गप्प बसू नकोस, असं उन-हीला बजावते. सिनेमात पुढे सोलचा सोंगसू पूल कोसळतो. ती खरीच दुर्घटना, २१ ऑक्टोबर १९९४ची. ३२ माणसं गेली. म्हणजे जे राष्ट्र पोरांना घोषणा द्यायला लावत होतं, त्याचं बांधकाम किती पोकळ होतं हेही सिनेमा न बोलता दाखवतो. लांबी सव्वादोन तासांहून थोडी जास्त आणि चाल संथ, म्हणून नववीला नको. अकरावीला हवाच, विशेषतः ज्यांचं कॉलेज कागदावर आणि मुक्काम क्लासमध्ये असतो त्यांना.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून येऊन होस्टेलवर किंवा खोली करून राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या पोरांसाठी सत्यजित राय यांचा 'अपराजितो' (१९५६) आहे. व्हेनिसच्या महोत्सवात १९५७ साली त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण बंगाली प्रेक्षकांना तो तेव्हा फारसा रुचला नाही, कारण त्यातला मुलगा आईला टाळतो. शिष्यवृत्ती मिळवून अपू कोलकात्याला शिकायला जातो. सुट्टीत घरी येतो आणि कंटाळतो. आई बोलत असते तेव्हा त्याला झोप लागते. एकदा परत निघालेला अपू स्टेशनवर जातो, गाडी येते, तो चढत नाही, आणि घरी येऊन आईला सांगतो की गाडी चुकली. आणखी एक दिवस. एवढंच. यावर पोरांशी अर्धा तास बोलता येतं आणि त्यात 'मातृदेवो भव' म्हणायची गरज पडत नाही.

मराठीत आपण काही मागे नाही. 'शाळा' (२०११) आणीबाणीतल्या नववीच्या वर्गाची गोष्ट सांगतो. 'फँड्री'त (२०१३) डुकरामागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबतं, आणि मारलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, शाहू, सावित्रीबाई, गाडगेबाबा दिसतात. दीक्षाभूमीच्या शहरात हा सिनेमा वर्गात दाखवायला शिक्षक कचरतात, 'जातीचं काढू नका' म्हणतात. पण वर्गातल्या पोरांना एकमेकांच्या जाती ठाऊक नसतात असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी मधल्या सुट्टीत एकदा डबे उघडताना उभं राहावं. 'सैराट'ची गाणी २०१६त प्रत्येक वरातीत वाजली, मात्र शेवटच्या काही मिनिटांबद्दल कुठल्या वर्गात चर्चा झाली असेल तर ती अपवाद म्हणूनच. आणि 'झुंड' (२०२२) तर आपलाच. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलकडे वळवणाऱ्या विजय बारसे यांच्या कामावरून घेतलेला, नागपुरात चित्रित झालेला, इथल्याच पोट्ट्यांनी केलेला. अमिताभ बच्चनमुळे सगळ्यांनी पाहिला. ती पोरं शाळेबाहेर का होती, हा प्रश्न मात्र थेटरातच राहिला.

आता कायदा. घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं, तेही अर्धवट माहितीमुळे. चित्रपट कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि जुन्या एकाच 'यूए'चे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+, यूए १६+. हे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत. पालक सोडून दुसऱ्या कोणी ते बंधन म्हणून लादायचे नाहीत. यूए १६+ सिनेमा १४ वर्षांच्या मुलाला दाखवायला कायद्याची बंदी नाही, पालकांची संमती हवी. 'ए' प्रमाणपत्राचं तसं नाही. १८ खालच्यांना तिथे प्रवेशच नाही, आई सोबत असली तरी नाही. त्यामुळे किशोरवयीनांवरचा सिनेमा 'ए' झाला की तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासाठी संपला.

हा घोळ फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत 'एट्थ ग्रेड' (२०१८) हा आठवीतल्या मुलीवरचा सिनेमा 'आर' ठरला, म्हणजे १७ खालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. मग वितरकांनी ८ ऑगस्ट २०१८ला पन्नासही राज्यांत एकेका थेटरात तो फुकट दाखवला, वयाची अट बाजूला ठेवून. डेन्मार्कचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: सात वर्षांपुढचं मूल मोठ्या माणसासोबत कुठलाही सिनेमा पाहू शकतं. जबाबदारी सोबत बसणाऱ्याची. आपल्याकडे इतकं होणार नाही, पण पौगंडावस्थेवरच्या सिनेमाला सरसकट 'ए' देण्याऐवजी यूए १६+ द्यावं, अशी मागणी शिक्षक संघटनांनी करायला काय हरकत आहे? त्यांच्या मागणीपत्रकांत इतकं काही असतं.

दुसरी भीती कॉपीराइटची. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२(१)(जे) प्रमाणे शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील, तर सिनेमा दाखवणं हे उल्लंघन ठरत नाही. बाहेरच्यांना बोलावलं, तिकीट लावलं, गल्लीत फलक लावला की ही सवलत विसरायची. आणि शिक्षकांनी आपलं ओटीटी खातं शाळेच्या प्रोजेक्टरला जोडणं ही वेगळी भानगड आहे: त्या कंपन्यांच्या अटी घरगुती, वैयक्तिक वापरापुरत्या असतात. म्हणून डीव्हीडी विकत घ्या, किंवा निर्मात्याला पत्र लिहा. मराठी निर्माते हाताशी आहेत. चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी १९५५पासून होती, ती २०२२त एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तिचा संग्रह आता तिथे मागावा. त्यात लहान मुलांचं पुष्कळ सापडेल, चौदा-पंधराच्या पोरांचं कमी. भारतीय बालचित्रपटाला हे वय कधी नीट दिसलंच नाही.

खरं तर थेटरातच नेणं उत्तम. फ्रान्समध्ये १९८९पासून मधल्या शाळांसाठी असा कार्यक्रम चालू आहे: वर्षात तीन सिनेमे, प्रत्येक सत्रात एक, शाळेच्या वेळात गावातल्या थेटरात, आणि शिक्षकांसाठी प्रत्येक सिनेमावर आधीच तयार केलेली पुस्तिका. आपल्याकडे आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी खुर्च्या रिकाम्या असतात. शाळांनी एकत्र येऊन तो खेळ ठरवून घ्यावा. नववीच्या दोन तुकड्या म्हणजे शंभर-सव्वाशे पोरं, तीन बस. महापालिकेच्या शाळांचा बसखर्च महापालिकेने उचलावा. विज्ञान प्रदर्शनाला बस निघतात, तशाच.

थेटर जमत नसेल तर वर्गात. इथे तपशील चुकतात आणि दोष सिनेमावर जातो. चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब कोणाला बसवू नये. शाळांमध्ये आलेला ६५ इंची डिजिटल बोर्ड साधारण पावणेतीन फूट उंच, म्हणजे शेवटचा बाक १६ फुटांवर. चाळीस पोरांना तो पुरतो, सत्तरांना नाही. आठ फूट रुंद पडदा असेल तर चित्राची उंची साडेचार फूट, शेवटचा बाक २७ फुटांवर चालतो. पण त्रूफोचा तो सिनेमा रुंदट चौकटीचा आहे: त्याच पडद्यावर त्याची उंची जेमतेम ३.४ फूट उरते, वर-खाली काळे पट्टे येतात, आणि शेवटच्या बाकाला २० फुटांच्या आत यावं लागतं. खालचा काळा पट्टा वाया घालवू नका, सबटायटल तिथे टाका. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी, नाहीतर मागच्यांना समोरच्यांची डोकी वाचावी लागतात. प्रोजेक्टर ३,०००–३,५०० ल्युमेनचा पुरतो, पण खिडक्यांना काळं कापड हवंच; एक झडप उघडी राहिली की रात्रीचे प्रसंग राखाडी होतात.

आवाजाचं दुखणं नागपुरी आहे. मार्चनंतर वर्गात कूलर लागतो आणि कूलरसमोर कोणताही हळू बोलला गेलेला संवाद टिकत नाही. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. तेव्हा जुलै-ऑगस्ट, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर आणि जानेवारी हे तीन मुहूर्त धरा. प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर विसंबू नका, दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या पोराच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागच्या भिंतीला दोन जाड सतरंज्या टांगल्या की घुमणं बरंच कमी होतं. आणि ३५ मिनिटांच्या तासिकांमध्ये सिनेमा तोडू नका. शनिवारची सकाळची शाळा त्यासाठीच असल्यासारखी आहे: दोन तास सिनेमा, दहा मिनिटं सुट्टी, चाळीस मिनिटं बोलणं.

परदेशी सिनेमात सगळ्यात मोठा अडथळा सबटायटलचा. फ्रेंच कानावर, इंग्रजी डोळ्यांवर, आणि मराठी माध्यमाचं पोरगं दोन्हींच्या मध्ये लटकलेलं. एका वेळी दोन ओळी, ओळीला साधारण ४० अक्षरं, पडद्यावर १ ते ७ सेकंद. तेवढ्यात इंग्रजी वाचून समजून चित्रही पाहायचं हे नववीतल्या बहुतेकांना जमत नाही. ती मग तिसऱ्या मिनिटाला वाचणं सोडतात आणि पंधराव्या मिनिटाला गोंधळ सुरू होतो. उपाय सोपा आणि वेळखाऊ आहे. सबटायटलची एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर: क्रमांक, सुरुवातीची-शेवटची वेळ, वाक्य. वेळांना हात न लावता वाक्याच्या जागी मराठी टाइप करायचं. बोलक्या सिनेमात अशी हजाराच्या आसपास वाक्यं असतात. अकरावीच्या दहा जणांनी शंभर-शंभर वाटून घेतली तर नववीसाठी फाइल दोन आठवड्यांत होते. फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. सिनेमाचं आणि सबटायटलचं फाइलनाव एकच ठेवा, एकाच फोल्डरमध्ये. जोडाक्षरं फुटत असतील तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये देवनागरी फाँट निवडा. हे सगळं आदल्या दिवशी, त्याच वर्गात, त्याच लॅपटॉपवर करून पाहायचं. आणि मराठी शब्दशः नको. अंतोआनने मित्राला 'हे प्रिय मित्रा' म्हटलं की वर्ग हसणार. 'काय बे' म्हटलं की ऐकणार.

सिनेमा संपल्यावर लगेच 'काय शिकलात?' विचारलं की सगळ्यावर पाणी पडतं. पहिला हात हुशार पोराचा वर जातो, तो तात्पर्य सांगतो, बाकीचे माना डोलावतात, संपलं. म्हणून आधी पाच मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहायचं: कुठला प्रसंग पुन्हा पाहावासा वाटला आणि कुठे कंटाळा आला. चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या. मग प्रश्न अगदी साधे: त्या वेळी खोटं कोण बोललं, आणि खरं बोलला असता तर काय झालं असतं? दहा-बारांचे गट करा. साठ जणांपुढे मुली बोलत नाहीत. चुकीच्या जागी हशा होईल, मुलीचा अपमान होताना हमखास होईल. तेव्हा ओरडायचं नाही. तोच प्रसंग परत लावायचा आणि कोणाला, कुठे हसू आलं ते शांतपणे विचारायचं. गुण ठेवायचे नाहीत, निबंध नाही, 'प्रकल्प वही' तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नये. रीमा दास यांच्या 'बुलबुल कॅन सिंग'मध्ये (२०१८) संस्कृतीरक्षकांची टोळी शाळकरी पोरांना पकडून मारते आणि त्याचा शेवट एका मुलीच्या आत्महत्येत होतो. फुटाळा, अंबाझरी तलावांवर बसणाऱ्या जोडप्यांचं काय होतं हे पोरांना सांगावं लागत नाही, म्हणून हा सिनेमा फार जवळ येतो. असा सिनेमा लावायचा तर शिक्षकांनी तो आधी दोनदा पूर्ण पाहून वेळा टिपून ठेवाव्यात, काय येणार आहे हे वर्गाला आधी सांगावं, बाहेर जाण्याची मोकळीक द्यावी, आणि त्या दिवशी समुपदेशक शाळेत हवा. सिनेमानंतर एखादं मूल घरातलं काही सांगू शकतं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका: लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) ते कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा बालमदत क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा.

'पोरं मोबाइलवर सगळं पाहतातच' असा युक्तिवाद पालकसभेत हमखास येतो. पाहतात. एकटी, तुकड्या-तुकड्यांत, दीडपट वेगाने, आणि ज्याच्याशी बोलावं असं कोणी शेजारी नसताना. 'पोर्शन राहतो' हा दुसरा. तीन सिनेमे म्हणजे वर्षाचे तीन शनिवार. स्नेहसंमेलनाच्या तालमीला याच्या कितीतरी पट तास जातात आणि कोणी कुरकुरत नाही. तिसरा आक्षेप, 'शिक्षकांना सिनेमातलं काय कळतं', मला मान्य आहे. म्हणूनच पुस्तिका लागते. मराठी आणि इतिहासाच्या चार-पाच शिक्षकांनी बसून एका सिनेमावर आठ पानं लिहावीत, शहरातल्या बाकी शाळांनी ती वापरावीत.

पालकांची संमती वर्षभराची एकदम घेऊ नका. प्रत्येक सिनेमाची वेगळी घ्या, चिठ्ठीवर सिनेमाचं नाव, देश, साल, प्रमाणपत्र, लांबी आणि त्यात काय आहे ते स्पष्ट लिहा. मारहाण, शिवी, चुंबन, मृत्यू, जे असेल ते. लपवलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या एका दृश्याचा स्क्रीनशॉट फिरतो आणि मुख्याध्यापक हात झटकतात. जुलैच्या पालकसभेत पालकांना सिनेमाची पहिली वीस मिनिटं दाखवा. ट्रेलर नको. बरेच जण पुढचं कधी दाखवता म्हणून विचारतील. त्यांना त्याच शनिवारी मागच्या बाकांवर बसू द्या, फक्त चर्चेच्या चाळीस मिनिटांत त्यांनी बाहेर थांबायचं.